ताटाचा फोटो आणि कॅलरीचा आकडा : एका दाव्याचा प्रतिवाद

ताटाचा फोटो काढला की मोबाइलमधील ॲप त्यातील कॅलरी, प्रथिने आणि लोह अचूक सांगते, मनगटावरील घड्याळ किती कॅलरी खर्च झाल्या ते सांगते, आणि खर्चापेक्षा रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या की दर आठवड्याला अर्धा किलो वजन ठरल्याप्रमाणे उतरत जाते. अशा आशयाचे संदेश आणि चित्रफिती सतत फिरत असतात. त्यांच्या शेवटी बहुधा असेही बजावलेले असते की ॲपशिवाय आपण काय खातो हे कळणे शक्यच नाही. आहाराची नोंद ठेवणे उपयोगाचे आहे, याबद्दल दुमत नाही. जे नियमित नोंद ठेवतात त्यांचे वजन अधिक उतरते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. आक्षेप आहे तो अचूकतेच्या हमीला आणि त्या हमीवर विसंबून घेतल्या जाणाऱ्या निर्णयांना.

पहिला मुद्दा फोटोचा. फोटोत पदार्थ वरून दिसतो. त्याचे वजन, घट्टपणा आणि त्यात जिरलेले तेल दिसत नाही, आणि आपल्या जेवणाचा हिशेब तर याच तीन गोष्टींवर ठरतो. वरणाची वाटी घ्या. तिच्यात ३० ग्रॅम तूरडाळीचे घट्ट वरण असेल, तर सुमारे १०० कॅलरी आणि साडेसहा ग्रॅम प्रथिने मिळतात. त्याच वाटीत पातळ आमटी असेल आणि डाळ जेमतेम १० ग्रॅम असेल, तर प्रथिने दोन ग्रॅमांच्या आसपास येतात. ॲपमध्ये मात्र ‘डाळ, १ वाटी’ अशी एकच नोंद दोन्हींना लागू होते, आणि वाटी किती मोठी हेही कोणी विचारत नाही. पोळीचेही तेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम कणकेच्या पिठात सुमारे ३२० कॅलरी असतात. म्हणजे २० ग्रॅम पिठाचा कोरडा फुलका ६४ कॅलरींचा होतो. ४० ग्रॅम पिठाची, आत-बाहेर मिळून चमचाभर तेल लावलेली घडीची पोळी १६५ कॅलरींच्या पुढे जाते. एका जेवणात तीन पोळ्या धरल्या तर तीनशे कॅलरींचा फरक इथेच पडला. भाजी परतताना कढईत एक चमचा तेल गेले की पळीभर, हे तर फोटोवरून सांगता येणारच नाही. जे मधुमेही जेवणातील कर्बोदके मोजून इन्सुलिनचा डोस ठरवतात, त्यांनी तो अशा फोटोच्या भरवशावर ठरवणे सरळ धोक्याचे आहे.

फोटो काढल्यामुळे काही नोंदवायचे राहून जात नाही, हे म्हणणेही टिकत नाही. फोटो ताटाचा निघतो. स्वयंपाक करताना चाखलेली उसळ, मुलांच्या ताटात उरलेला घास, मूठभर शेंगदाणे आणि दोन चमचे साखरेचा चौथा चहा यांचा फोटो कोणी काढत नाही. ३० ग्रॅम शेंगदाणे म्हणजे दीडशेहून अधिक कॅलरी, हे ध्यानात घ्यावे. १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, रोज १२०० कॅलरींहून कमी खाऊनही वजन उतरत नाही असे सांगणाऱ्या लोकांचा प्रत्यक्ष ऊर्जाखर्च मोजण्यात आला. त्यांनी आपला आहार सरासरी ४७ टक्क्यांनी कमी नोंदवला होता. खाल्लेले सगळेच माणसाच्या लक्षात राहत नाही, आणि ही उणीव वहीत जितकी उतरते तितकीच ॲपमध्येही उतरते.

दुसरा मुद्दा ॲपमागच्या माहितीसाठ्याचा. अनेक ॲपमध्ये वापरणाऱ्यांनी स्वतः भरलेल्या नोंदी असतात आणि त्या कोणी तपासलेल्या असतातच असे नाही. पण तपासलेल्या आकड्यांचेही वय पाहावे लागते. कांदेपोह्यांतून भरपूर लोह मिळते, हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. त्याला आधार होता: राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम पोह्यांत २० मिलिग्रॅम लोह दिलेले होते. याच संस्थेने देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ खाद्यपदार्थांचे नवे तक्ते २०१७ साली प्रसिद्ध केले, त्यात हा आकडा सुमारे साडेचार मिलिग्रॅमवर आला. आता ६० ग्रॅम पोहे खाणाऱ्या स्त्रीचा विचार करा. जुन्या आकड्यावर चालणारे ॲप तिला १२ मिलिग्रॅम लोह मिळाल्याचे दाखवील, नवे तक्ते पावणेतीन मिलिग्रॅम म्हणतील. तिची रोजची शिफारस २९ मिलिग्रॅमची आहे, आणि ती शिफारसच मुळी अन्नातील लोहाचा लहानसा वाटाच शरीरात शोषला जातो हे धरून केलेली आहे. पोह्यांवर लिंबू पिळले तर तो वाटा वाढतो, सोबत चहा घेतला तर घटतो. ॲपच्या पडद्यावर दोन्ही वेळा तोच आकडा असतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्यांच्यापैकी कोणीही ॲपमधील हिरवी खूण पाहून ‘आजचे लोह पुरे झाले’ असे समजू नये, यासाठी हा मुद्दा मी एवढा लांबवला.

घड्याळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली मनगटी उपकरणांची तपासणी केली, तेव्हा त्यांतील बहुतेकांचे नाडीचे ठोके बऱ्यापैकी बरोबर निघाले. खर्च झालेल्या कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होते. घड्याळाने ४०० कॅलरी दाखवल्या म्हणून तेवढे जास्त खाणे त्यामुळे योग्य ठरत नाही.

रोज ५०० कॅलरी कमी म्हणजे आठवड्याला अर्धा किलो, हा हिशेब एक किलो चरबी म्हणजे ७७०० कॅलरी या १९५८ पासून रूढ झालेल्या ढोबळ गणितावर उभा आहे. पहिल्या काही आठवड्यांत तो जुळल्यासारखा वाटतो. परंतु वजन उतरू लागले की शरीराचा ऊर्जाखर्चही कमी होत जातो, त्यामुळे उतार मंदावतो. अमेरिकी संशोधक केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली मांडलेल्या हिशेबानुसार, स्थूल प्रौढांमध्ये रोज सुमारे २४ कॅलरी कायमच्या कमी केल्या तर अखेरीस एक किलो वजन उतरते आणि त्यातील निम्मे उतरायला साधारण एक वर्ष लागते. या हिशेबाने रोजच्या ५०० कॅलरींच्या कपातीतून पहिल्या वर्षात दहा-साडेदहा किलो उतरतील. जुन्या गणिताने तेविसाहून अधिक. वर्षाअखेरीस बारा-तेरा किलोंची ही तूट पाहून माणूस स्वतःला दोष देतो आणि आणखी उपाशी राहतो, हे मला अतिशय चिंतेचे वाटते. त्यातही बाळंतिणीला कोणी १२०० कॅलरींचे लक्ष्य लावून दिले तर ते घातकच आहे. बैठे काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या स्त्रीची रोजची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १६६० कॅलरी धरली आहे आणि अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने तीवर आणखी ६०० कॅलरी लागतात.

राहिला शेवटचा दावा, ॲपशिवाय काहीच कळत नाही हा. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जास्त वजनाच्या २१२ रुग्णांपैकी निम्म्यांना कॅलरी मोजण्याचे ॲप दिले गेले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या वजनांत लक्षणीय फरक नव्हता, आणि पहिल्या महिन्यानंतर ॲप उघडण्याचे प्रमाणच झपाट्याने घसरले होते. याउलट घरात काही मापे एकदाच घेऊन ठेवली तर ती वर्षभर पुरतात. आपल्या पोळीला किती पीठ लागते हे दहा पोळ्यांचे कोरडे पीठ काट्यावर तोलून काढता येते. डाळ शिजवण्यापूर्वी तोलावी आणि ती किती जणांच्या वाट्याला गेली ते पाहावे. तेलाचा हिशेब तर महिन्याच्या किराण्यातच असतो. २०२४ च्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरींच्या आहारासाठी रोज २७ ग्रॅम तेल-तूप सुचवले आहे. चार जणांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर लिटरला सुमारे ९१० ग्रॅम या वजनाने तो माणशी रोज ३८ ग्रॅम होतो. तूप, लोणी आणि बाहेरचे वडे-भजी त्यात अजून धरलेले नाहीत. पुढच्या डब्यावर उघडल्याची तारीख लिहून ठेवली, तर तो सहा आठवडे पुरवता येतो का हे कोणालाही पाहता येईल.