बंद केलेली गोळी कुठे लिहितात हो?

आज डॉक्टरांनी स्क्रीनकडे बघत विचारलं, "सध्या काय काय चालू आहे?" अहो, समोर काय सिनेमा लागलाय का? तुमचंच रेकॉर्ड आहे ना ते!

"इथे अकरा औषधं दिसतायत."

अकरा! बाबा सात घेतात. बाकीच्यांत दोन वर्षांपूर्वीचं खोकल्याचं औषध, पाच दिवसांसाठी दिलेलं, अजून 'चालू'. पाच दिवसांची अँटिबायोटिकही 'चालू'. पित्ताची गोळी याच डॉक्टरांनी मागच्या वेळी तोंडी बंद केलेली, तीही ठणठणीत 'चालू'. औषध सुरू झालं की लगेच नोंद होते. बंद झाल्याची नोंद करायला मात्र कुणाचा हात उचलत नाही.

आम्ही गेलो होतो बाबांचे पाय सुजले म्हणून. डॉक्टर लघवीची गोळी लिहायला निघालेच होते. म्हणजे बारावी. मी पाकिटं चाळत बसले होते, आणि एका पाकिटावर ठसठशीत ब्रँडच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात दिसलं: अम्लोडिपिन. दुसरं पाकीट, दुसरी कंपनी, दुसरा रंग, खाली पुन्हा अम्लोडिपिन. तीन आठवडे बाबा बीपीची एकच गोळी दोन नावांनी घेतायत! आणि या औषधाने पाय सुजतात हे डॉक्टर मला तिथेच शांतपणे सांगतात, जणू मी सहज विचारलं होतं. ब्रँडचं नाव घराच्या पाटीएवढं आणि खरं औषध भिंगातून शोधायचं, ही कुणाची अक्कल? आणि त्या संगणकाला एकच औषध दोनदा दिसत नाही? पासवर्डमध्ये एक कॅपिटल अक्षर राहिलं तर मात्र बरोबर दिसतं!

मग ते चिठ्ठीवरचं बीडी, टीडीएस, एचएस, म्हणजे दिवसातून दोनदा, तीनदा, झोपताना. लॅटिनमधली लघुरूपं आहेत म्हणे. घरी तोंडात गोळी घालणाऱ्याचं लॅटिन कच्चं असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ओडी म्हणजे उजवा डोळा. घ्या! त्यापेक्षा १-०-१ बरं, निदान सकाळ-दुपार-रात्र कळतं. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये आणि बाकी सगळं मिलिग्रॅममध्ये, मध्ये हजारपट फरक, आणि लिहिताना फक्त एका अक्षराचा. तेही त्या हस्ताक्षरात.

आणि सगळ्यात डोक्यात जाणारं वाक्य: 'कंटिन्यू सेम ट्रीटमेंट'. कुठली सेम? आधीच्या कागदावरची? त्यावरही हेच लिहिलंय. त्याच्या आधीच्यावरही. मूळ कागद शोधत मागे मागे गेलं की शेवटी हाती लागतो एक कोरा कपटा. औषधाच्या दुकानातली थर्मल पावती. अक्षरं उडून गेलेली.

खरं तर पावत्या उडतात म्हणून गेल्या वर्षी मी एक हुशारी केली होती. महत्त्वाच्या पावत्या लॅमिनेट करायला दिल्या. थर्मल कागद उष्णतेने काळा पडतो हे दुकानातून परत आलेल्या सहा चकचकीत काळ्या पाट्या बघून कळलं. अजून आहेत फाइलमध्ये. टाकवत नाहीत.

आणि हो, बोलतेच आहे तर तेही सांगते. बाबांचा गोळ्यांचा डबा दर रविवारी मीच भरते. दोन्ही अम्लोडिपिन माझ्याच हाताने, शेजारशेजारच्या खणांत. रंगसंगती छान दिसते असंही मी एकदा म्हणाले होते. आज बाबांनी डॉक्टरांसमोर त्याची आठवण करून दिली.

डॉक्टरांनी लघवीची गोळी रद्द केली, दुसरी अम्लोडिपिन थांबवायला सांगितली. तोंडी. मी म्हटलं, लिहून द्या. त्यांनी लिहिलं. घरी येऊन कागद उघडला तर शेवटची ओळ: 'बाकी पूर्वीप्रमाणे.'

मी पेन घेतलं, नावं मोठ्याने वाचत यादी नव्याने लिहिली, बंद झालेल्यांपुढे 'बंद' आणि तारीख. रागारागात, भराभर. रात्री बाबा ती हातात घेऊन आले. "हे काय लिहिलंयस?"

मलाही लागेना.