फरशीवरच्या पट्ट्या आणि 'हौशी' लोक : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझ्या बाबांना पार्किन्सन्स, म्हणजे हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार. त्यात पाय अडकू नयेत म्हणून फरशीवर पट्ट्या चिकटवण्याबद्दल मी लेख लिहिला, त्यावर तुम्ही लिहिलंत, 'पार्किन्सन्समधलं चालणं गोळीने सुधारतं, फरशीवर पट्ट्या चिकटवून नाही. हौशी लोकांनी असलं लिहून पेशंटच्या जिवाशी खेळू नये.' सोबत रक्तदाब उतरूनही पेशंट पडतात हा मुद्दा आणि लेख लांबल्याची तक्रार.

'हौशी'! मी डॉक्टर नाही, हे लेखाच्या सुरुवातीलाच लिहिलंय. पण नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात न्हाणीच्या उंबरठ्यापाशी बाबांचे पाय जमिनीला चिकटायचे, धड पुढे झुकायचं आणि पाय मागेच राहायचे. तेव्हा त्यांना सावरताना मी हौस भागवत नव्हते. चार ओळी खरडण्याआधी समोरच्याच्या घरात काय चाललं असेल, याचा विचार करायला काय लागतं?

आता गोळी. लेवोडोपाने, म्हणजे या आजारावरच्या नेहमीच्या औषधाने, ताठरपणा आणि मंदपणा कमी होतो, पावलं मोठी पडतात. हे मी नाकारलंय कुठे? पण तोल त्या मानाने सुधारत नाही, आणि काहींचे पाय गोळीचा अंमल असतानाही अडकतात. म्हणून तर न्यूरॉलॉजिस्ट पेशंटच्या मागे उभे राहून खांदे झटकन ओढतात आणि बघतात, एक-दोन पावलांत सावरतो की कोसळतो. (हे घरी करू नका, असंही लेखात आहे.) खुर्चीतून उठून 3 मीटर चालून, वळून परत बसायला किती वेळ लागतो, तेही मोजतात. आमच्या डॉक्टरांनी बाबांना गोळीआधी आणि गोळीनंतरही असं तपासलं. सरळ चालणं छान झालं, वळताना मात्र बाबा तसेच अडकले.

पट्ट्या मी शोधून काढल्या नाहीत, फिजिओथेरपिस्टने सांगितल्या. आडव्या, पाऊलभर अंतराने. या आजारात आपसूक पडणारं पाऊल बिघडतं, पण डोळ्यांसमोर रेघ असली की ती ओलांडायला माणूस लक्ष देऊन पाय उचलतो. सगळ्यांना फायदा होतोच असं नाही, बाबांना झाला. जिवाशी खेळ कशाला म्हणतात सांगू? पाय अडकलेल्या माणसाला 'चला ना लवकर' म्हणत हाताला धरून ओढणं. घरोघरी हेच चालतं आणि माणूस तिथेच पडतो.

रक्तदाबाचं बरोबर आहे. उभं राहिल्यावर 3 मिनिटांत वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला, तर तेही पडण्याचं कारण असू शकतं. नागपूरच्या मे महिन्यात पाणी कमी पोटात गेलं की जास्तच. लेखात भर घालते.

लांबीचं राहू द्या. पूर्ण वाचला असतात तर निम्मे प्रश्न पडलेच नसते. आणि तुमच्या घरी कोणी पेशंट असेल, तर त्यांना जागच्या जागी गर्रकन वळू देऊ नका. मोठा वळसा घ्यायला सांगा.