‘आयटीआय म्हणजे कमी गुणांची सोय’ या मजकुराला उत्तर

दहावीचे निकाल लागले की बडोद्यातील मराठी कुटुंबांत एक मजकूर मोबाइलवरून हातोहात फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आयटीआय किंवा पदविका यांसारखे दोन-तीन वर्षांचे तंत्रप्रशिक्षण ही कमी गुण मिळालेल्यांची सोय आहे, कारखान्यातील कामे आता यंत्रमानव करणार असल्याने ती शिकून उपयोग नाही, विमानांचा कारखाना आला तरी तिथे जागा अभियंत्यांनाच मिळणार, अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांची (स्थानिक, दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांची) उदाहरणे आपल्याला लागू पडत नाहीत, आणि एकदा या वाटेला लागले की पदवीचे दार कायमचे बंद होते. असा मजकूर वाचून घराघरांत मुलामुलींचे प्रवेश ठरतात, म्हणून त्यातील प्रत्येक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या विधानाला उत्तर आपल्याच गावाच्या इतिहासात आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९० मध्ये येथे कलाभवन सुरू केले आणि त्याची धुरा त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञाकडे सोपवली. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम हे विषय हाताने करून शिकवावेत आणि शक्य तितके देशी भाषेतून शिकवावेत, असा त्यामागचा विचार होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी होते, आणि आजची महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा याच संस्थेतून वाढली. ज्या शहरातील उच्च तंत्रशिक्षणाचा पायाच कार्यशाळेत घातला गेला, त्या शहरात कार्यशाळेतील शिक्षणाला दुय्यम म्हटले जावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

यंत्रमानवांविषयीचे विधान मात्र अधिक गंभीरपणे घ्यायला हवे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. सुटा भाग उचलून यंत्रात ठेवणे, एकाच प्रकारचे जोडकाम दिवसभर करणे, रंग फवारणे ही कामे यंत्रमानव करतो आणि पुढे आणखी करील. केवळ बटण दाबणाऱ्याची नोकरी सुरक्षित आहे, असे कोणीही सांगू नये. परंतु आयटीआयच्या मशिनिस्टने (यंत्रावर धातू कापून भाग घडवणाऱ्याने) किंवा टूल अँड डाय मेकरने (साचे आणि हत्यारे बनवणाऱ्याने) जे शिकायचे असते, ते काम याहून वेगळे आहे. एक साधा हिशेब पाहावा. ॲल्युमिनियमचा २०० मिलिमीटर लांबीचा भाग तापमानात एक अंश सेल्सिअस वाढ झाली की सुमारे ०.००४६ मिलिमीटरने लांबतो. मापनाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण तापमान २० अंश आहे, आणि मे महिन्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील साध्या शेडमध्ये पारा ४० अंशांवर असतो. म्हणजे यंत्रावरून काढलेला भाग मापन कक्षात २० अंशांपर्यंत थंड झाला की सुमारे ०.०९ मिलिमीटरने आखडतो. रेखाचित्रात मापातील फरकाची मुभा ०.०२ मिलिमीटरची असेल, तर तो भाग भंगारात जातो. सीएनसी यंत्र, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणारे कापयंत्र, दिलेला कार्यक्रम इमानेइतबारे पार पाडते. भाग किती तापला आहे, कटरची धार किती झिजली आहे, फिक्स्चरमध्ये (भाग पकडून ठेवणाऱ्या साच्यात) भाग नीट बसला आहे की धातूच्या कपच्यावर टेकला आहे, हे ओळखून ऑफसेट, म्हणजे यंत्राला दिलेली मापाची दुरुस्ती, बदलणारा माणूस जवळ लागतो. यंत्रमानव बसवला तर त्याचा ग्रिपर (पकडणारा पंजा) जुळवणारा, सेन्सर तपासणारा आणि पीएलसीमधील (यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रक संगणकातील) लॅडर तर्क, म्हणजे शिडीसारखा मांडलेला सूचनाक्रम, वाचून बंद पडलेली लाइन पुन्हा सुरू करणारा तंत्रज्ञही लागतोच. जर्मनी आणि दक्षिण कोरिया यांच्याकडे कामगारांच्या प्रमाणात आपल्यापेक्षा कितीतरी अधिक यंत्रमानव आहेत. तरीही जर्मनीने कारखाना आणि शाळा यांची दुहेरी प्रशिक्षण पद्धत सोडलेली नाही, आणि कोरियाने तर २०१० मध्ये कुशल कारागीर घडवण्यासाठी माइस्टर शाळा नव्याने सुरू केल्या.

विमानांच्या कारखान्याबद्दल थोडेच लिहितो. टाटा आणि एअरबस यांच्या सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानांच्या जुळणीचा कारखाना बडोद्यात २८ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाला; करारातील ५६ विमानांपैकी ४० भारतात तयार व्हायची आहेत. या प्रकल्पात १३,४०० हून अधिक सुटे भाग आणि ४,६०० उपजोडण्या देशातच बनवायच्या आहेत, असे सरकारने जाहीर केले आहे. आराखडा अभियंता करतो हे खरे, पण छिद्र पत्र्याला अचूक काटकोनात पाडणे, छिद्राच्या कडेवरची धारदार कोर काढणे, सीलंट (फटी बुजवणारा लेप) घट्ट होण्याआधी रिव्हेट बसवणे आणि प्रत्येक पायरीची नोंद ठेवणे हे प्रशिक्षित हातांचेच काम आहे. शिवाय सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कार्यशाळांना मनुष्यबळ लागते ते मुख्यतः याच प्रकारचे.

अमेरिकेच्या उदाहरणाबद्दल मजकूर म्हणतो की तिथली कम्युनिटी कॉलेजे श्रीमंत देशाची चैन आहेत. केंटकी राज्यात टोयोटाने २०१० मध्ये ब्लूग्रास कम्युनिटी कॉलेजबरोबर जो अभ्यासक्रम उभा केला, त्याची रचना पाहिली तर हा आक्षेप टिकत नाही. विद्यार्थी आठवड्यातील दोन दिवस वर्गात बसतो, तीन दिवस कारखान्यात पगारी काम करतो आणि दोन वर्षांत सहपदवी (तिथली दोन वर्षांची ‘असोसिएट’ पदवी) घेऊन बाहेर पडतो. या योजनेचे यश इमारतींच्या भपक्यात नसून काय शिकवायचे हे ठरवताना कारखानदार शेजारी बसतो, यात आहे. आपल्याकडे त्यासाठी कायद्याचा आधार आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार, तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार विद्यावेतनावर घेणे बंधनकारक आहे. उणीव अंमलबजावणीत आहे आणि तिथेच मजकुराची तक्रार रास्त ठरते: काही संस्थांत जुने लेथ आहेत, सीएनसी यंत्र झाकून ठेवलेले आहे आणि निदेशकाची जागा रिकामी आहे. अशा संस्थेत मुलाला घालू नये, हे मी स्पष्टपणे सांगतो. प्रवेशाआधी पालकांनी कार्यशाळा प्रत्यक्ष पाहावी, प्रत्येक विद्यार्थी आठवड्यात किती तास स्वतः यंत्रावर उभा राहतो आणि मागच्या तुकडीने शिकाऊ उमेदवारी कोणत्या कारखान्यांत केली, हे विचारावे. उत्तर टाळले गेले तर दुसरी संस्था शोधावी. मात्र काही संस्था वाईट आहेत म्हणून मार्गच वाईट, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही, कारण याच मापाने पाहिले तर अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयेही बाद ठरतील.

राहिले पदवीच्या बंद दाराचे. दोन वर्षांचे आयटीआय पूर्ण केलेल्याला ठरावीक अटींवर पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतो आणि पदविका झालेल्याला पदवीच्या दुसऱ्या वर्षात. ही सोय अनेक वर्षांपासून आहे. या वाटेवर विद्यार्थी अडतो तो बहुधा गणितात, कारण आयटीआयमधील कार्यशाळा-गणित व्यवसायापुरते असते आणि पदविकेच्या दुसऱ्या वर्षात कलनशास्त्र येत असल्याचे गृहीत धरलेले असते. म्हणून ज्यांना पुढे पदवी घ्यायची आहे, त्यांनी आयटीआयच्या पहिल्या वर्षापासूनच बीजगणित आणि त्रिकोणमितीचा अभ्यास संध्याकाळी चालू ठेवावा. पदविका झालेल्या एखाद्या शेजाऱ्याकडून पहिल्या वर्षाची पुस्तके मागून घेतली तरी सुरुवात होते.