पाटी कोरायला २.२ किलोवॅट लागत नाहीत

छोटं सीएनसी मशीन (कंप्युटरने चालणारं कोरीवकामाचं यंत्र) घेऊन पाट्या आणि नेमप्लेट करू पाहणाऱ्यांत एक सल्ला सध्या जोरात फिरतोय: "स्पिंडल (कापणारं बिट फिरवणारी मोटर) घ्यायचा तर २.२ किलोवॅटचाच. त्याहून कमी पॉवरवर सागवान जळतं, बिट तुटतं, काम रेंगाळतं. आणि पॉवर जास्त झाली म्हणून काही बिघडत नाही." बेळगाव, खानापूर, निपाणीकडची नवखी मंडळी यावर विसंबून पैसे घालतात, म्हणून एकेक मुद्दा तपासायलाच हवा.

सागवान जळतं ते पॉवर कमी पडते म्हणून नाही, बिट कापायचं सोडून घासायला लागतं म्हणून. १८,००० आरपीएम (मिनिटाला फेरे), दोन फ्लूटचं (धारांचं) बिट आणि मिनिटाला १,००० मिमी फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) धरा. १,००० ला ३६,००० ने भागलं की प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०३ मिमीसुद्धा छिलका येत नाही. एवढ्या पातळ छिलक्यात धार रुतत नाही. लाकूड तापतं, काळं पडतं. सिंगल फ्लूट बिट लावा, आरपीएम १२,००० वर आणा, फीड १,५०० करा: छिलका ०.१२५ मिमी होतो आणि जळकट वास बंद होतो. खाली पिठासारखी धूळ पडत असेल तर फीड कमी आहे, भुशाचे कण बोटांना जाणवले तर ठीक. सागवानात सिलिका असते, त्यामुळे एचएसएस (हायस्पीड स्टील) बिटाची धार लवकर जाते. कार्बाइडच वापरा. स्पिंडलऐवजी ट्रिमर राउटर (हाती धरायचं छोटं लाकूडकामाचं यंत्र) घेताना मात्र वेग कमी-जास्त करता येतो का ते आधी बघा. माकिटा ३७०९ वर ३०,००० आरपीएम कायम असतो, आरटी०७०० वर तो १०,००० पर्यंत उतरवता येतो. पाटीकामात हा फरक वॅटच्या आकड्यापेक्षा मोठा आहे.

बिट तुटणं. ३ मिमीचं बिट मोडायला कुठलीही मोटर पुरते. ते मोडतं ढिल्या किंवा घाण कोलेटमुळे (बिट पकडणारी चिमटी), बिट गरजेपेक्षा जास्त बाहेर काढल्यामुळे, रॅम्प न देता (तिरकं न उतरवता) सरळ खाली घुसवल्यामुळे, खाचेत भुसा दाटल्यामुळे. मोठा स्पिंडल यातलं एकही कारण दूर करत नाही.

आता वेग. कठीण लाकडाचा ढोबळ हिशेब असा की एक हॉर्सपॉवरला मिनिटाला साधारण १६० घन सेंमी लाकूड निघतं. ६ मिमी बिट, ३ मिमी खोली, १,५०० फीड म्हणजे २७ घन सेंमी, अर्थात सव्वाशे वॅटच्या आसपास. आरटी०७०० सारख्या ७१० वॅटच्या राउटरचे निम्मे वॅट वाया गेले असं धरलं तरी साडेतीनशे उरतात. आपल्याकडचं काम तर याहून नाजूक. कर्नाटकात भाषा कायद्याच्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या फलकाचा ६० टक्के भाग, तोही वरचा, कन्नडसाठी ठेवावा लागतो. दोन फूट उंच पाटीवर मराठी आणि इंग्रजीला मिळून २४० मिमी उरतात. समास सोडले तर अक्षर ७०-८० मिमीचं. त्यातले रफार, अनुस्वार, वेलांटीचे कोपरे ३ मिमी बिटानेच साफ निघतात. १.५ मिमी खोलीला त्याच फीडवर लागतात जेमतेम तीस वॅट! इथे वेग अडतो तो फ्रेमच्या लवचिकपणामुळे.

"जास्त पॉवरने बिघडत नाही" हे तर साफ चूक. २.२ किलोवॅटचा ८० मिमी वॉटर-कूल्ड स्पिंडल साधारण ५ किलोचा, त्यावर क्लॅम्प. आरटी०७०० दोन किलोच्याही आत. व्ही-व्हील (खाचेत धावणारी चाकं) आणि बेल्टच्या मशीनवर एवढं वजन टांगलं की झेड अक्ष (वर-खाली हलणारा भाग) स्टेप चुकतो, गॅन्ट्री (स्पिंडल धरणारा आडवा पूल) पुढे झुकते, अक्षरांच्या कडांवर लाटा उमटतात. शिवाय पंप, पाण्याची बादली, व्हीएफडी (स्पिंडलचा वेग ठरवणारा ड्राइव्ह). त्या व्हीएफडीला वेगळी लाइन, स्वतंत्र एमसीबी आणि खरं अर्थिंग लागतं. स्पिंडलची केबल शिल्डेड नसेल किंवा लिमिट स्विचच्या (मशीनला हद्दीवर थांबवणारं बटण) तारांना चिकटून गेली असेल, तर मशीन अर्ध्या जॉबवर विनाकारण थांबतं.

या सल्ल्यात तथ्य आहे ते एवढंच: व्हीएफडी स्पिंडलची पॉवर आरपीएमबरोबर उतरते. ८०० वॅटचा स्पिंडल १२,००० वर ४०० च देतो. लाकडाला ते पुरतात. पण १२ मिमी शँकची (पकडीतल्या दांड्याची) बिटं दिवसभर चालवायची असतील तर लहान मापाचा ईआर११ कोलेट कामाचा नाही, तो ७ मिमीपर्यंतच पकडतो. तिथे मोठा ईआर२० कोलेट आणि २.२ किलोवॅट घ्या, मात्र लिनियर रेल (अक्ष सरकण्याचा पोलादी रूळ), बॉलस्क्रू (अक्ष हलवणारा स्क्रू) आणि वेल्डेड स्टील फ्रेम असेल तरच.

लाकूड, फोमशीट आणि ३ मिमी एसीपीसाठी (ॲल्युमिनियम कंपोझिट शीट) वेग बदलणारा ७१० वॅटचा राउटर भागवतो. त्याचे कार्बन ब्रश झिजतात, एक जोडी जवळ ठेवा. ॲक्रिलिक अक्षरांचं काम रोजचं असेल, किंवा शेजारी आवाजाची तक्रार करत असतील, तर ६५ मिमीचा ८०० वॅट वॉटर-कूल्ड स्पिंडल घ्या. ॲक्रिलिक कास्टच (साच्यात ओतलेलं) आणा, एक्स्ट्रूडेड (दाबून काढलेलं) लवकर वितळून बिटाला गुंडाळतं. वाचलेले पैसे झेडच्या लिनियर रेलवर आणि चार चांगल्या कार्बाइड बिटांवर घाला.