जिवाणू जस्तालाही सरावतात

मूत्रमार्गाच्या संसर्गावर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या अर्ध्यावर थांबवल्या तर चालेल का, असे माझ्या मावशीने मला विचारले आणि सोबत सगळीकडे फिरत असलेला एक संदेश धाडला. त्याचा आशय असा : जस्त, तांबे आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) पाण्यातून थेंब-थेंब घेतले की प्रतिजैविकांची गरज संपते, प्रयोगशाळेत ते ९९.९ टक्के जिवाणू मारतात. माणसाच्या पेशीत ते शिरूच शकत नाहीत, म्हणून ते केवळ रोगजंतूंना मारतात. ते निसर्गातल्या धातूंपासून बनलेले असल्यामुळे निर्धोक आहेत. आणि त्यांच्याविरुद्ध जिवाणूंना कधीही प्रतिरोध निर्माण करता येत नाही. मावशीच्या गोळ्या सुरूच आहेत, पण इतरांच्या सुरू राहतील याची खात्री कोणी द्यावी?

या संदेशाचे मूळ विज्ञानात आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. झिंक ऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइड यांचे कण जिवाणूंना खरोखरच मारतात : त्यांच्यातून सुटणारे धातूचे आयन (विद्युतभारित अणू) पेशीतील विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे, काम बिघडवतात, त्यांच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे तयार होतात आणि प्रत्यक्ष स्पर्शाने पेशीचे आवरणही फाटते. वैद्यकीय उपकरणांवरील लेप किंवा जखमेवरील पट्ट्या यांसाठी या गुणाचा अभ्यास गांभीर्याने चालू आहे. मात्र पृष्ठभाग जंतुमुक्त ठेवणे आणि शरीराच्या आत शिरलेला संसर्ग बरा करणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. काचेच्या बशीतले जिवाणू ब्लीचनेही मरतात, म्हणून ब्लीच कोणी पीत नाही.

९९.९ टक्के हा आकडाही वाटतो तितका मोठा नाही. दहा लाखांपैकी एवढे जिवाणू मेले तरी एक हजार उरतात, आणि अनुकूल परिस्थितीत दर वीस मिनिटांनी दुप्पट होणारा ई. कोलाय हा जिवाणू साडेतीन तासांच्या आत पुन्हा दहा लाखांवर जातो. शिवाय रक्तात गेलेल्या कणांवर प्रथिनांचा थर चढतो आणि यकृत व प्लीहा यांतील भक्षक पेशी त्यांतील बरेचसे कण उचलून घेतात. बशीत यांपैकी काहीच नसते. टायटॅनियम डायऑक्साइडचा जंतुनाशक परिणाम तर मुख्यतः अतिनील प्रकाशावर अवलंबून असतो. आतड्यात तो प्रकाश कोठून येणार, याचा खुलासा संदेशात नाही.

माणसाच्या पेशीत कण शिरत नाहीत, हे विधान तर उलटेच आहे. आपल्या बहुतेक पेशी जिवाणूंपेक्षा कितीतरी मोठ्या असतात आणि बाहेरचे कण वेढून आत घेणे ही त्यांची नेहमीची क्रिया आहे.

आता सर्वांत घातक मुद्दा. कण एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतात, त्यामुळे त्यांना प्रतिरोध करणे एकाच लक्ष्यावर काम करणाऱ्या प्रतिजैविकापेक्षा अवघड असू शकते, एवढे खरे. परंतु अवघड म्हणजे अशक्य नव्हे. जस्त आणि तांबे यांचा जिवाणूंना अतिप्राचीन काळापासून परिचय आहे आणि जादा धातू पेशीबाहेर फेकणारे पंप त्यांच्याकडे आधीपासूनच आहेत. याचा मोठा धडा पशुपालनातून मिळाला. आईचे दूध तुटलेल्या डुकराच्या पिलांना अतिसार होऊ नये म्हणून युरोपात खाद्यातून झिंक ऑक्साइडचे मोठे डोस दिले जात. डुकरांमध्ये आढळणाऱ्या, मेथिसिलीन या प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूमध्ये जस्तरोधाचे जनुक आणि मेथिसिलीनरोधाचे जनुक एकाच फिरत्या जनुकखंडावर सापडले. अर्थ सरळ आहे : जस्ताचा मारा केला की जस्ताबरोबर प्रतिजैविकालाही पुरून उरणारे जिवाणू निवडले जातात. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीच्या तज्ज्ञ समितीने या औषधाच्या फायद्यांपेक्षा पर्यावरणाचा धोका मोठा ठरवला, प्रतिरोध वाढण्याच्या शक्यतेचीही नोंद घेतली, आणि २०१७ मध्ये झालेल्या निर्णयानुसार जून २०२२ पर्यंत ही औषधे तेथील बाजारातून काढली गेली. ती पूड नॅनो नव्हती, असा आक्षेप येईल. पण जठराच्या आम्लात झिंक ऑक्साइड बऱ्याच अंशी विरघळते आणि जिवाणूपर्यंत पोचतात ते मुख्यतः जस्ताचे आयन; ते कोणत्या आकाराच्या कणातून सुटले, याने जिवाणूला फरक पडत नाही. कणरूपाविरुद्धही प्रतिरोध दिसला आहे : वारंवार चांदीच्या नॅनोकणांना सामोरा गेलेला ई. कोलाय जनुकांत बदल न करताही फ्लॅजेलिन हे प्रथिन सोडतो आणि कणांच्या गुठळ्या करून त्यांना निष्प्रभ करतो, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. चांदी ऑक्साइड नाही, हे मान्य. परंतु ‘कधीही नाही’ हा दावा करणाऱ्याने निदान एवढे तरी वाचायला हवे होते.

राहता राहिला नैसर्गिक म्हणून निर्धोक असल्याचा मुद्दा. प्रौढांसाठी जस्ताची सुरक्षित कमाल मर्यादा अमेरिकेत दिवसाला ४० मिलिग्रॅम मानली जाते आणि दीर्घकाळ जादा जस्त घेतल्यास शरीरात तांब्याची कमतरता होते. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे वेल्डिंग करताना झिंक ऑक्साइडचा धूर श्वासात गेला की काही तासांत थंडी वाजून ताप भरतो. तो धूर अतिसूक्ष्म कणांचाच असतो. टायटॅनियम डायऑक्साइडमुळे जनुकीय हानीची शक्यता नाकारता येत नाही, असे मत युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये दिले आणि पुढच्या वर्षी युरोपीय संघाने अन्नात त्याचा वापर बंद केला.

संदेशात कणांचा आकार, मात्रा, त्यांवरील आवरण आणि कोणत्या जिवाणूवर किती वेळ प्रयोग झाला, यांपैकी एकही गोष्ट दिलेली नाही. थेंब दिवसातून किती वेळा घ्यायचे, एवढे मात्र ठळक अक्षरांत आहे.