बायबल ईश्वरप्रेरित आहे, हा विश्वास कशावर उभा आहे?

"बायबल हे देवाचे वचन आहे, कारण तसे बायबलमध्येच लिहिले आहे," असे कोणी म्हटले की ऐकणारा त्यावर आक्षेप घेतो, आणि तो आक्षेप रास्त आहे. बायबलमधीलच तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित असल्याचे म्हटले आहे. परंतु ज्याला ते पत्रच मान्य नाही, त्याच्यापुढे तेच पत्र पुरावा म्हणून ठेवण्यात काय अर्थ? माझ्या मते ख्रिस्ती विश्वासाचा आरंभ येशू ख्रिस्तापासून होतो आणि ग्रंथावरील विश्वास त्याच्या पाठोपाठ येतो. हा क्रम उलटा केला की सगळी चर्चा भरकटते.

म्हणून प्रेरणेचा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवून नव्या कराराकडे, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या उत्तरार्धाकडे, केवळ पहिल्या शतकातील लेखन म्हणून पाहावे. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या प्रारंभीच सांगतो की, जे आरंभापासून प्रत्यक्ष साक्षीदार होते त्यांच्याकडून आलेल्या गोष्टींचा त्याने मुळापासून शोध केला आणि मग त्या क्रमाने लिहिल्या. प्रेषित पौलाने करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला इ. स. 55 च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात पुनरुत्थित ख्रिस्त ज्यांना दिसला त्यांचा उल्लेख आहे: पेत्र, बारा शिष्य, याकोब, आणि एकाच वेळी 500 हून अधिक बंधू, ज्यांच्यापैकी बहुतेक जण अजून हयात आहेत, असेही तो आवर्जून नोंदवतो. साक्षीदार जिवंत असताना असे लिहिणे म्हणजे वाचकाला त्यांच्याकडे जाऊन विचारण्याची मोकळीक देणे होय. शिवाय चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर सर्वप्रथम स्त्रियांनी पाहिली असे सांगितले आहे. ज्या समाजात स्त्रियांच्या साक्षीला फारसे वजन नव्हते, तेथे रचून सांगणाऱ्याने असे साक्षीदार निवडले नसते.

आता जो मेलेल्यांतून उठला, त्याचे शास्त्राविषयी मत काय होते, हा प्रश्न साहजिकच निर्णायक ठरतो. अरण्यात मोह आला तेव्हा येशूने दिलेली तिन्ही उत्तरे जुन्या करारातील 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातील आहेत. शास्त्रलेखाचा भंग होऊ शकत नाही, असे तो विरोधकांना बजावतो, आणि पुनरुत्थानानंतर शिष्यांना मोशे, संदेष्टे व स्तोत्रे यांतूनच आपल्याविषयी समजावून सांगतो. पवित्र आत्मा तुम्हांला सर्व गोष्टी शिकवील व माझ्या सर्व गोष्टींची आठवण करून देईल, असे वचनही त्याने प्रेषितांना दिले. जुन्या कराराचा अधिकार त्याने गृहीत धरला आणि नव्या कराराचा पाया त्याने घातला. पुढे इ. स. 367 मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याने आपल्या पत्रात नव्या कराराच्या 27 पुस्तकांची यादी दिली, ती मंडळ्यांमध्ये आधीच वाचल्या व मानल्या जाणाऱ्या लेखनाची नोंद होती. त्या यादीमुळे पुस्तकांना अधिकार मिळाला, असे समजणे चुकीचे आहे.

"पण मजकूर मध्येच बदलला गेला असेल," ही शंका मी फार वेळा ऐकली आहे, आणि तिला जुन्या करारातील यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची एक प्राचीन गुंडाळी उत्तर देते. 1947 पासून मृत समुद्राजवळ कुम्रानच्या गुहांमध्ये जी हस्तलिखिते सापडली, त्यांत यशयाची 7 मीटरहून लांब, जवळजवळ संपूर्ण अशी एक प्रत होती, आणि ती ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील मानली जाते. तोपर्यंत हाती असलेल्या जुन्या कराराच्या महत्त्वाच्या हिब्रू प्रती साधारण इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आसपासच्या होत्या. म्हणजे सुमारे 1000 वर्षांचे अंतर! तपासणीत फरक पुष्कळ निघाले, मात्र ते बहुतांशी वर्णलेखनाचे आणि किरकोळ शब्दांचे होते. उदाहरणार्थ, 53 व्या अध्यायाच्या 11 व्या वचनात या प्रतीत "प्रकाश" हा एक अधिक शब्द आहे. त्याने दुःख सोसणाऱ्या सेवकाच्या वर्णनाला कोठेही बाध येत नाही. आपल्या अपराधांमुळे घायाळ झालेला, वधाला नेलेल्या कोकरासारखा मुकाट राहिलेला, मरणानंतर धनवानाशी संबंध आलेला तो सेवक ख्रिस्ताच्या जन्मापूर्वीच त्या चामड्यावर लिहिलेला होता. माझा स्वतःचा विश्वास ज्या वचनांनी सर्वाधिक दृढ केला, ती हीच.

उत्खननाविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. 1961 मध्ये कैसरिया येथे येशूला वधस्तंभाची शिक्षा देणारा रोमी सुभेदार पंतय पिलात याचे नाव कोरलेला शिलालेख मिळाला, 1993 मध्ये उत्तर इस्राएलमधील तेल दान येथील शिलालेखात "दावीदाचे घराणे" असा उल्लेख आढळला. अशा गोष्टींनी ग्रंथाची ऐतिहासिक पार्श्वभूमी खरी ठरते. देवाने तो प्रेरित केला, हे दगड सिद्ध करू शकत नाहीत.

त्यापेक्षा मला या ग्रंथाचा निर्भीडपणा अधिक बोलका वाटतो. दावीद हा इस्राएलाचा लाडका राजा. तरीही त्याने बथशेबेसाठी उरीयाला युद्धात कसे मारवले, हे शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात जसेच्या तसे लिहिले आहे, आणि नाथान संदेष्टा राजाच्या तोंडावर "तो मनुष्य तूच आहेस" असे म्हणतो. राजांची स्तुती करण्यासाठी लिहिलेल्या इतिहासात हे वाक्य टिकले नसते.

एवढे असूनही पुरावे माणसाला दारापर्यंतच आणतात. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्विनने म्हटल्याप्रमाणे, शास्त्राची अंतिम खात्री पवित्र आत्म्याच्या आंतरिक साक्षीने होते, आणि माझाही अनुभव तोच आहे. यहोशवाच्या पुस्तकातील संहाराचे प्रसंग मला आजही जड जातात, आणि त्यांची सोपी उत्तरे देणाऱ्यांशी मी सहमत नाही. ते अध्याय मी टाळत नाही. ज्याने शत्रूंसाठी वधस्तंभावरून क्षमा मागितली, त्यानेही हेच शास्त्र पित्याचे वचन म्हणून वाचले होते, म्हणून मीही ते त्याच्या सोबतीने वाचत राहतो.