कॅडींबद्दल पण लिहा की
गोल्फ क्लबातल्या सुविधांवरचा तुमचा लेख वाचला, मेंबरांना लॉकर, शॉवर, स्विमिंग पूल, प्रो शॉप (गोल्फच्या सामानाचं दुकान), बॅटरीवरची कार्ट सगळं आलंय, पण कॅडीबद्दल, म्हणजे खेळणाऱ्याची बॅग उचलून सोबत चालणाऱ्या माणसाबद्दल, एक ओळ पण नाही याचं वाईट वाटलं. मी साताऱ्याचा, माझा मावसभाऊ पुण्याकडं एका क्लबात सात वर्षं कॅडी आहे. १८ होलचा राऊंड म्हणजे चारेक तास उन्हात चालणं, नियमानं १४ स्टिकपर्यंत (चेंडू मारायच्या काठ्या) चालतात ती सगळी बॅग खांद्यावर, फटका झाला की स्टिक ओल्या फडक्यानं पुसायची, उखडलेल्या गवतात वाळू भरायची, बंकरमधले, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातले, पायाचे ठसे दाताळ्यानं सारखे करायचे आणि वर ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, उतार कुठं आहे ते मेंबरला सांगायचं, हे कुठल्या क्लासात शिकवत नाहीत ओ. दिवाळीला आला तेव्हा बघितलं, उजव्या खांद्यावर पट्ट्याचा काळा वळ पडलाय. क्लबहाऊसला एसी आणि ह्यांनी डबा खायचा पार्किंगच्या कडंला झाडाखाली, पावसाळ्यात तर तेपण नाही. मेंबरशिपला एवढे पैसे घेता तर चार पत्रे टाकून शेड, प्यायचं पाणी आणि एक संडास-बाथरूम द्यायला काय अवघड आहे? पुढच्या वेळी कुठल्याही क्लबाच्या सुविधा लिहिताना हे पण विचारा.